रंगमंदिर कसें असावें?

घर बांधतांना आपण प्रथम विचार करितों तो त्यांत राहणारांचा, भिंतींचा मागाहून. सार्वजनिक रंगमंदिर बांधतांना मात्र हा क्रम उलटा होतो. खुर्च्या किती व दर्शनी भाग किती भव्य, एवढ्यावर चर्चा थांबते. तेथें कोण खेळणार, कोण गाणार आणि पाहणारे कसे बसणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो आतांच विचारावा, असें आम्हांस वाटतें.

सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, व तिच्या आखणींतून जुन्या गांवांच्या शेजारीं कामोठ्यासारख्या वसाहती वाढल्या. २०१६ पासून कामोठें पनवेल महानगरपालिकेंत आहे. घाटावरचीं, कोंकणांतलीं, मुंबईहून आलेलीं अशीं नाना कुटुंबें येथें एकाच जिन्यानें चढतात-उतरतात. मोठें नाटक पाहावयाचें तर पनवेलचें वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, वाशीचें विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. त्यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु समोर पडद्याची चौकट व तिच्याकडे तोंड करून सर्व खुर्च्या, ही रचना एका प्रकारच्या नाटकासाठीं आहे. आपल्या कला तेवढ्याच नाहींत. कीर्तनकार श्रोत्यांच्या अगदीं जवळ उभा राहतो. जाखडींत नाचणारे गाणारांभोंवतीं फेर धरितात. ती चहूं बाजूंनीं पाहावी. दशावतारास देवळाचें आंगण व एक बांक एवढें पुरतें. या सर्वांस एकाच चौकटींत कोंबलें म्हणजे त्यांचा जीव गुदमरतो.

निराळी वाट चोखाळणारांचीं उदाहरणें दूर नाहींत. जुहूचें पृथ्वी थिएटर १९७८ सालीं उघडलें. तेथें सुमारें २०० प्रेक्षक मंचाच्या तीन बाजूंनीं बसतात. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय कलाकेंद्राच्या एक्स्पेरिमेंटल थिएटरांत आसनें प्रयोगागणिक हालवितां येतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत (१९६८) नाटकाबरोबर चित्रप्रदर्शनाचेंही दालन आहे. पण सर्वांत बोलकें उदाहरण दादरच्या छबिलदास शाळेचें. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनें १९७४ पासून त्या शाळेच्या साध्या सभागृहांत प्रयोग केले, आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक चळवळच त्या शाळेच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथें वैभव नव्हतें. मोकळी जागा होती, आणि ती वापरूं देणारीं माणसें होतीं.

जें सर्वांसाठीं तें कोणासाठींच नाहीं, असा आक्षेप जाणकार घेतात. तो पोकळ नाहीं. भाषणाचा घुमारा सुमारें एका सेकंदांत विरला पाहिजे, एरव्हीं शब्द एकमेकांत मिसळतात. समूहगायनास मात्र दोन सेकंदांचा घुमारा शोभतो. यावर साधा उपाय आहे. भिंतींवर जाड पडदे असावे. नाटकाच्या वेळीं पसरावे, गायनाच्या वेळीं सारावे. तरीही सर्व कांहीं साधेल असें नव्हे. मोठ्या नेपथ्याच्या नाटकास पनवेल-वाशीलाच जावें लागेल, व त्यांत कमीपणा नाहीं.

म्हणून कामोठ्यासाठीं आमचें मागणें लहान आहे. सपाट जमीन, तुकडे जोडून उभारतां येणारा मंच, हालवितां येणाऱ्या पायऱ्या, दिव्यांसाठीं छतास लोखंडी जाळी, आणि चाकांच्या खुर्चीस आंत येतां यावें असा उतार. सकाळीं चित्रें, दुपारीं मुलांची तालीम, सायंकाळीं प्रयोग, असें तें दालन दिवसभर जागें असावें. भाडें मात्र लहान भजनी मंडळासही झेपावें. तें न झेपल्यास बाकीच्या सर्व सोयी व्यर्थ होत.

पालकांस आमची विनंती कीं, आपल्या भागांत सार्वजनिक इमारतीचा आराखडा निघेल तेव्हां हे प्रश्न नगरसेवकांस विचारावे. तोंवर शाळांनीं आपलीं सभागृहें सायंकाळीं उघडावीं. छबिलदासचा धडा हाच आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, रिकाम्या सभागृहांत एकदां टाळी वाजवून ती किती वेळ घुमते तें ऐका. पुढील स्नेहसंमेलनांत एखादा प्रवेश मंचावरून खालीं आणा, खुर्च्या गोल मांडा, आणि मागच्या रांगेतील मुलास काय दिसलें तें त्यालाच विचारा. उद्यां हीं रंगमंदिरें बांधणारे तुमच्यांतूनच निघतील. त्यांनीं हा प्रश्न शाळेंतच विचारलेला असावा.