हात थरथरतो, पण चित्र का थरथरावे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या हातकणंगले तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने ऊसतोडणीवर छोटासा माहितीपट केला होता. विषय चांगला, माहिती अचूक. पण मोबाईल हातात धरून ती फडाच्या बांधावरून चालत गेली होती, आणि पडद्यावर सारा ऊस भूकंप झाल्यासारखा हलत होता. मी विचारले, "असे का झाले?" ती म्हणाली, "सर, आमच्याकडे गिंबल नाही." शेजारी उभ्या असलेल्या तिच्या शिक्षकांनीही मान डोलावली.

चित्र हलले याचे मला फारसे काही वाटले नाही. पण विज्ञानाच्या प्रदर्शनात 'का' या प्रश्नाला 'वस्तू नाही' असे उत्तर मिळावे, याचे वाईट वाटले. माझे स्पष्ट मत असे आहे की, चालता कॅमेरा स्थिर ठेवणे हा खरेदीचा प्रश्न होण्याआधी भौतिकीचा प्रश्न आहे, आणि शाळेने तो तसाच हाताळला पाहिजे.

आधी दुखणे ओळखू या. हातातला कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो. एक तर तो जागेवरून सरकतो, किंवा जागच्या जागी वळतो. यांपैकी अधिक त्रासदायक कोणते? समजा, तुम्ही 10 मीटर दूर असलेल्या झाडाचे चित्रण करीत आहात. मोबाईल 1 सेंटिमीटर बाजूला सरकला, तर झाडापाशी दृश्यही 1 सेंटिमीटरच सरकते. पण तो केवळ 1 अंशाने वळला, तर झाडापाशी दृश्य सुमारे 17 सेंटिमीटर सरकते! तेव्हा पहिला शत्रू म्हणजे वळणे.

आता जडत्व आठवा. मोबाईलचे वस्तुमान साधारण 200 ग्रॅम. इतक्या हलक्या वस्तूला मनगटाचा बारीकसा झटकाही वळवतो. मग ती जड करावी का? जरूर करावी, पण ती कोठे जड करायची, यातच खरी मौज आहे. वळण्याला होणारा विरोध वस्तुमानाच्या पटीत वाढतो, पण अक्षापासूनच्या अंतराच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढतो.

सुमारे 70 सेंटिमीटर लांबीची एक लाकडी पट्टी घ्या. मधोमध मोबाईल आडवा बांधा. मध्यापासून 30 सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घट्ट बांधा. बाटल्या काठोकाठ भरा, नाहीतर आतले पाणी हिंदकळून नवी थरथर निर्माण करील. भार वाढला सुमारे एक किलो. पण डावी-उजवीकडे वळण्याला होणारा विरोध नुसत्या मोबाईलच्या सुमारे 200 पट झाला! त्याच बाटल्या 10 सेंटिमीटरवर आणून बांधा. भार तोच, पण बाटल्यांमुळे मिळणारा विरोध नवव्या हिश्शावर येतो. पट्टी मूठ आवळून धरू नका. मूठ आवळली की मनगटाचे वळण पट्टीत उतरते. गुरुत्वमध्याजवळ बोटांनी सैलसर आधार द्या. मोबाईल वर-खाली मान डोलावू लागला, तर तिसरी बाटली कोठे बांधाल? विचार करा.

अमेरिकेतील गॅरेट ब्राऊन यांनी 1970 च्या दशकात 'स्टेडीकॅम' हे साधन बनवले आणि 1976 च्या 'रॉकी' चित्रपटात ते वापरले गेले. त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे: वस्तुमान दूर पसरवा, आणि हात गुरुत्वमध्याजवळ असा लावा की त्याचे वळण कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये. पावलांच्या धक्क्यांसाठी त्यांनी स्प्रिंगचा बाहू जोडला.

दुसरा उपाय चाकांचा. 1960 च्या 'ब्रेथलेस' या फ्रेंच चित्रपटासाठी छायाचित्रकाराला चाकांच्या खुर्चीत बसवून ती खुर्ची ढकलली होती. आपल्याकडे सायकल आहे. मोबाईल हँडलला नको, मधल्या दांड्याला बांधा आणि सायकल हाताने ढकलत न्या. मोठे चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, आणि टायरमधली हवा बारीक धक्के गिळते. याउलट बेअरिंगची गाडी शहाबादी फरशीच्या प्रत्येक सांध्यावर दचकते; तिला गुळगुळीत फळी हवी.

हातकणंगल्यापासून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तेथे बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने 1918 मध्ये चित्रपटाचा कॅमेराच स्वतः तयार केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये पडद्यावर आला. ज्या मातीत माणसांनी कॅमेरा घडवला, तेथे आपण कॅमेऱ्याची दांडी घडवू शकत नाही काय?

कोणी म्हणेल, "सर, गिंबल इतके वाईट आहे का?" मुळीच नाही. त्यातील संवेदक वळण ओळखतात आणि तीन मोटारी उलट दिशेने वळून ते भरून काढतात. वाऱ्यात किंवा धावताना आपली पट्टी त्याच्यापुढे टिकणार नाही. पण साधे गिंबलही पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल काढू शकत नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून, हळू चालायला शिकावेच लागते. मोबाईलमधील स्थिरीकरणालाही मर्यादा आहेत. अंधुक प्रकाशात प्रत्येक चित्र टिपायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात हलला, तर पुसट झालेले चित्र नुसते सरकवून स्पष्ट होत नाही. ज्याला हे ठाऊक आहे, तोच महाग यंत्र नीट वापरील.

शिक्षकांना माझी विनंती आहे. हा प्रयोग एका तासात होतो. भिंतीवर एक फुली काढा. पाच मीटरवरून तिचे दहा सेकंद चित्रण करा: एकदा नुसत्या हाताने, एकदा बाटल्या जवळ बांधून, एकदा दूर बांधून. मग चित्रण सेकंदागणिक थांबवून पडद्यावर फुली किती सरकली ते फुटपट्टीने मोजा आणि तक्ता करा. प्रदर्शनातील गुण या तक्त्याला द्या, विकत आणलेल्या साधनाला नकोत. नाहीतर ज्याच्या घरी पैसा त्याचेच विज्ञान, असा समज आपणच मुलांच्या मनात रुजवू.

त्या मुलीला मी पट्टीची आकृती कागदावर काढून दिली. किती फरक पडतो, ते मात्र मी सांगितले नाही. ते तिनेच मोजायचे आहे. आणि मित्रांनो, तुम्हीही.