स्विम डायपर घातला म्हणजे झालं का?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाळाला पहिल्यांदाच पाण्यात नेतोय. स्विम डायपर कुठला घेऊ?" कुणाच्या सोसायटीत स्विमिंग पूल असतो, कुणाचं कर्जत-लोणावळ्याकडे रिसॉर्टचं बुकिंग असतं, कुणी वॉटर पार्कला निघालेलं असतं. प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: बाळाचं पोट ठीक आहे ना?

हा डायपर नेमकं काय करतो ते आधी पाहू. रोजच्या डायपरमध्ये ओल शोषून घेणारी पावडर असते, ओली झाली की तिची जेली होते. तोच डायपर घालून बाळ पुलात उतरलं तर तो पुलाचंच पाणी पितो, फुगून लोंबायला लागतो आणि कधी कधी फाटून ती जेली पाण्यात पसरते. म्हणून स्विम डायपरमध्ये ही पावडर जवळजवळ नसतेच. याचा अर्थ, त्यात शू थांबत नाही, ती सरळ पाण्यात जाते. (घरूनच स्विम डायपर घालून बाळाला गाडीत मांडीवर घेणाऱ्या आजींना हे न सांगताही कळतं!)

मग तो अडवतो काय? घट्ट शी, आणि तीही थोडा वेळ. पातळ शी झाली तर त्यातले जंतू काही मिनिटांत पाण्यात मिसळू लागतात. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्थाही पालकांना हेच सांगते. गाळणीत खडा अडकतो, चहा खाली जातो, तसंच हे.

"पण पाण्यात क्लोरीन असतं ना?" असतं, आणि बरेचसे जंतू त्याने काही मिनिटांत मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र मरत नाही. त्याच्याभोवती कठीण कवच असतं, त्यामुळे व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो सात दिवसांहून जास्त जगू शकतो. हा काही परदेशातला पाहुणा नाही. लहान मुलांच्या गंभीर जुलाबांवर आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं कोलकाताही होतं. 2013 साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा प्रमुख कारणांच्या यादीत रोटाव्हायरसच्या जोडीला याचंही नाव होतं. शिवाय पाण्यात खेळणारं बाळ घोट-दोन घोट पाणी गिळणारच. मोठ्या माणसाला चार दिवस त्रास देणारे जुलाब आठ महिन्यांच्या बाळाला सलाइनपर्यंत नेऊ शकतात.

म्हणून "लहान मुलांना स्विम डायपर सक्तीचा" एवढीच पाटी लावून मोकळ्या होणाऱ्या सोसायट्यांशी माझं भांडण आहे. पाटी चुकीची नाही, पण अपुरी आहे. ती वाचून आई-वडील निर्धास्त होतात, की डायपर आहे, मग काय! त्या पाटीवर पहिली ओळ "जुलाब होत असल्यास पाण्यात उतरू नये" अशी हवी, आणि ती मोठ्यांनाही लागू हवी. जुलाब थांबल्यावरही क्रिप्टोस्पोरिडियम काही दिवस शीतून बाहेर पडत राहतो. आपल्याकडे प्रत्येक बाळाची शी त्यासाठी तपासली जात नाही, म्हणून मी सरसकट सांगतो: जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे पूल बंद. बुकिंगचे पैसे गेले म्हणून पालक माझ्यावर रुसतात. रुसू देत.

आता मूळ प्रश्न. ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं. पाकिटावर वय नव्हे, वजन पाहा. कमरेला आणि मांड्यांना इलॅस्टिक नीट बसलं पाहिजे, फट राहता कामा नये, पण काढल्यावर लाल वळही उठता कामा नयेत. "थोडा मोठा घेऊ, पुढच्या वर्षीही होईल" हा झबल्याचा हिशेब इथे चालत नाही. वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर वापरून टाकायचे पुरेत. दर आठवड्याला जात असाल तर धुण्याचे कापडी परवडतात, पण निदान दोन तरी घ्या.

कापडी डायपरमधली शी आधी संडासात टाका, डायपर लगेच साध्या पाण्याने खळबळून घ्या आणि मग साबणाने वेगळा धुवा. किती गरम पाणी चालेल ते लेबलवर लिहिलेलं असतं. फार गरम पाण्याने किंवा इस्त्रीने आतला जलरोधक थर खराब होतो. ओला डायपर पिशवीत तसाच गुंडाळून ठेवू नका, पूर्ण वाळवा. इलॅस्टिक सैल झालं की तो बाद, कापड कितीही चांगलं दिसलं तरी.

पाण्यात असताना साधारण तासाला एकदा बाळाला बाहेर काढून डायपर तपासा. बदलायचा तो बाथरूममध्ये, पुलाच्या काठावर नाही. नंतर आपले हात साबणाने धुवा. बाहेर आल्यावर बाळाला साध्या पाण्याने अंघोळ घाला, जांघा टिपून कोरड्या करा आणि ओला डायपर अंगावर ठेवू नका. पुरळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सार्वजनिक पुलात नेऊच नये, असं माझं मत आहे. घरच्या टबात त्याला तेवढीच मजा येते.

आणि पाण्यात शी झालीच, तर गुपचूप बाळाला उचलून निघून जाऊ नका. लाइफगार्डला लगेच सांगा, शी घट्ट होती की पातळ तेही सांगा. घट्ट असेल तर ती काढून, क्लोरीन तपासून साधारण अर्ध्या तासात पूल पुन्हा सुरू करता येतो. पातळ असेल तर क्लोरीन खूप वाढवून तो कित्येक तास बंद ठेवावा लागतो. चार माणसं बघतील, कुणी नाक मुरडेल. पण त्याच पाण्यात आणखी कुणाचं तरी बाळ खेळत असतं.