खेळ थांबवावा कोणी?

बेसबॉलचा सामना मी आजवर मैदानावर पाहिलेला नाही. आमच्या तालुक्यात तो खेळतो कोण? तरीही गेल्या महिन्यात कँटीनमध्ये क्रिकेटवेड्या मित्रांशी माझा कडाक्याचा वाद झाला तो बेसबॉलवरूनच. सगळे म्हणत होते, "काय जिद्द!" मी म्हणालो, "जिद्द कसली? ती रात्रपाळी होती!"

सामना असा. १८ एप्रिल १९८१, शनिवारची रात्र. अमेरिकेतील पॉटकेट हे जुने गिरण्यांचे गाव. पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध रॉचेस्टर रेड विंग्ज. दोन्ही संघ व्यावसायिक, पण वरच्या लीगपेक्षा एक पायरी खालचे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव असतात. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळायचे. नऊ डावांनंतर १-१. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली, आणि पॉटकेटच्या वेड बॉग्जने तिची लगेच फेड केली! पुन्हा बरोबरी. गारठा इतका की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून शेकोटी केली. १७४० प्रेक्षकांपैकी शेवटी उरले १९.

वास्तविक रात्री १२.५० नंतर नवा डाव सुरू करू नये, असा त्या लीगचा नियम होता. पण पंचांजवळच्या पुस्तिकेत नेमका तोच छापायचा राहिला होता. छापलेला नाही, म्हणून खेळ चालू! अखेर लीगचे अध्यक्ष हॅरोल्ड कूपर फोनवर सापडले आणि पहाटे ४.०७ ला, ३२ डावांनंतर, सामना थांबला.

मित्रांना यात गंमत वाटते. मला आमचे अण्णा आठवतात. ते साखर कारखान्यात हंगामी कामगार. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की अण्णांनी थांबायचे. एका गाळप हंगामात त्यांच्या पाच डबल पाळ्या हजेरीपटावर चढल्याच नाहीत. विचारायला गेले तर उत्तर मिळाले, "कागदावर कुठे आहे?" अण्णा चौथी शिकलेले. कागद वाचता येतो, कागदाशी भांडता येत नाही. आमच्या घरातून मी पहिलाच कॉलेजात आलो, तो बहुधा यासाठीच.

मग नवा नियम चांगला म्हणायचा का? २०१८ पासून खालच्या लीगमध्ये आणि २०२० पासून वरच्या लीगमध्येही जादा डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावपटू फुकट उभा करतात. सामना लवकर आटोपतो खरा, पण न कमावलेल्या पायरीवर माणूस उभा करणे मला पटत नाही. हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत हा नियम लावीत नाहीत, यातच काय ते आले!

माझे म्हणणे साधे आहे. घड्याळ पाहून थांबा आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी पुरा करा. हा सामनाही तसाच संपला. २३ जून १९८१ रोजी ५७४६ प्रेक्षकांसमोर तेहतिसावा डाव झाला. अवघ्या १८ मिनिटांत डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेटने ३-२ असा विजय मिळवला. त्याची गोडी काय कमी झाली? त्या सामन्यातले बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकन पुढे वरच्या लीगमध्ये नामवंत झाले. कोझाला तिथे एकही सामना मिळाला नाही.

मित्र निरुत्तर झाले असे मात्र नाही. एकाने विचारले, "वेळेवर थांबवला असता तर तुला हा सामना ठाऊक तरी झाला असता का?" प्रश्न बिनतोड आहे. पण रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हप्पर्ट त्या रात्री ३१ डाव उकिडवा बसत होता. मला गोष्ट ठाऊक व्हावी म्हणून त्याने आपले गुडघे झिजवावेत, हे काही मला मान्य नाही.