मौनाचा अर्थ आधीं ठरवावा

आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं सांप्रत एक अद्भुत साधन आलें आहे. २०१४ सालीं ईएसपी ८२६६ ही चिप बाजारांत आली आणि काडेपेटीएवढ्या पट्टीवर मावणारा, वाय-फायसहित मायक्रोकंट्रोलर शाळकरी मुलाच्या ऐपतींत आला. एका टोकाला सेन्सर, दुसऱ्या टोकाला मोटार, आणि मध्यें तारेचा पत्ता नाहीं! मुलें हरखून जातात, यांत नवल तें काय? १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला यांनीं हौदांतील लहानशी नाव बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली, तेव्हां जाणतीं माणसेंही अशींच थक्क झालीं होतीं. परंतु तार काढली म्हणजे तिच्याबरोबर आणखी काय जातें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो व्हावा, एवढ्यासाठींच हा लेख.

गतवर्षीं विज्ञानमंडळांतील मुलांनीं एक प्रयोग रचला. गच्चीवरील टाकींत फ्लोट स्विच, विहिरीवर पंप. टाकी भरली कीं वरच्या यंत्रानें तसा एकच निरोप धाडावा आणि पंपाजवळील यंत्रानें रिले उघडून मोटार बंद करावी, अशी योजना होती. पंधरा दिवस सारें सुरळीत चाललें. मग एके दिवशीं गच्चीवरील बॅटरी उतरली. निरोप गेलाच नाहीं, आणि ऐन एप्रिलांत तासभर पाणी गटारांत वाहत राहिलें. मुलें म्हणालीं, "सर, बॅटरीनें दगा दिला." माझें मत निराळें आहे. बॅटरी केव्हां तरी उतरावयाचीच. दोष होता तो मौनाचा अर्थ 'चालू राहा' असा धरण्यांत.

हा धडा आगगाडीनें फार पूर्वीं दिलेला आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या ब्रेकांत दाबलेली हवा नळींतून धाडली म्हणजे गाडी थांबे. नळीच फुटली तर ब्रेकही गेला. १८७२ सालीं त्यांनीं ती रीत उलट केली. नळींत दाब असेल तोंवरच चाकें मोकळीं. नळी तुटली कीं ब्रेक आपोआप लागे.

बिनतारी यंत्रांतही हेंच करावें. टाकी भरली आहे वा नाहीं, हें सेन्सरनें दर दहा सेकंदांनीं कळवीत राहावें. प्रत्येक निरोपागणिक पंपाजवळील यंत्रानें तीस सेकंदांची मोजणी नव्यानें सुरू करावी. ती संपेपर्यंत दुसरा निरोप न आल्यास मोटार बंद. ही मोजणी मोटारीपाशींच व्हावी, कारण दुरून धाडलेला 'थांब' हा निरोपही वाटेंत हरवूं शकतो. यंत्र स्वतःच गोठलें तर त्यास पुन्हा जागें करणारा वॉचडॉग टायमर चालू ठेवावा, आणि जागें होतांना मोटार बंदच असावी.

कोणी म्हणेल, अशानें पंप विनाकारण थांबेल. आक्षेप खरा आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना भिंती अडवितात, पाणी शोषून घेतें, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यांत गोंगाट करते. म्हणूनच एखाददुसरा निरोप हुकला तरी चालेल, इतकी सवड वर ठेविली आहे. सर्वच मोटारींस 'थांब' हा नियम लावावा, असेंही माझें म्हणणें नाहीं. निरोप तुटतांच ड्रोनच्या मोटारी थांबविल्या तर तें कोणाच्या तरी डोक्यावर कोसळेल. त्यानें सावकाश उतरणेंच बरें. अंडीं उबविण्याच्या पेटींतील पंखा थांबला तर पिलें दगावतील. नियम एवढाच कीं, निरोप तुटल्यास काय करावयाचें, हें यंत्र चालू करण्यापूर्वींच ठरलेलें असावें.

मुलांनीं योजना बदलली. मीं त्यांस गच्चीवरील बॅटरी मुद्दाम काढावयास सांगितली. अर्ध्या मिनिटाच्या आंत पंप थांबला. तेव्हां प्रदर्शनाच्या परीक्षकांस माझी विनंति आहे: जो विद्यार्थी आपलें यंत्र चालवून दाखवील त्यास शाबासकी द्यावी; परंतु जो स्वतःच्या हातानें संबंध तोडून तें कसें वागतें हें दाखवील, बक्षीस त्यास द्यावें.