कळसूबाईचा दम केदारकंठाला पुरत नाही

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईचे ट्रेकर उत्तराखंडातल्या केदारकंठाकडे निघतात. देवदारांच्या जंगलातून, बुटांना काटे लावून बर्फ तुडवत जायची ही वाट ‘सोपी’ म्हणून प्रसिद्ध झाली आहे. दर रविवारी गड चढणाऱ्याच्या पायांना ती सोपी वाटेलही. फुप्फुसांचे आणि मेंदूचे गणित वेगळे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. हा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गावच त्याहून उंच आहे, आणि केदारकंठाचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो.

तंदुरुस्ती या विरळ हवेच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दणकट गडी भराभर चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. डोकेदुखी, मळमळ सहसा ६ ते १२ तासांनी सुरू होते, म्हणजे रात्री, तंबूत. पहाटे तर माथा गाठायचा असतो. मग पोरे दुखणे लपवतात. ‘थोडी ब्रँडी घे’ म्हणणारा अनुभवी दादा असतोच. (दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो.)

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्यासाठी लागणारा जादा मुक्काम आयोजकांनी वेळापत्रकातच घालावा, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि ज्याचा तोल जाऊ लागला आहे, त्याला उजाडायची वाट न पाहता खाली उतरवावे.