राउटर घरी बनवताना आधी वॅट मोजा

रत्नागिरीकडच्या एका भगिनीने पत्रात विचारले आहे, "मुलगा इंजिनिअरिंगला आहे. घरातल्या जुन्या संगणकाचाच राउटर करतो म्हणतो. रात्री दहानंतर धाकट्यांचे इंटरनेट आपोआप बंद होईल, असे त्याचे म्हणणे. पण त्याचे अब्बा कुवेतला असतात. रोज रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, दादी त्याची वाट पाहत बसतात. त्यात खंड पडायला नको. करू द्यावे का?"

जरूर करू द्यावे. फक्त त्या जुन्या संगणकावर नको. कारण ही चूक आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

आम्ही जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरे लॅन कार्ड बसवले आणि ओपीएनसेन्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. काम झकास चालले. पण महिन्याचे वीजबिल आले तेव्हा घरात विचारणा झाली. वॅट मोजणारा मीटर प्लगमध्ये लावून पाहिला, तर डबा ५५ वॅट खात होता. ५५ वॅट म्हणजे एका बल्बाइतकेच, असे वाटते. पण बल्ब आपण विझवतो, राउटर चोवीस तास चालतो. दिवसाला १.३२ युनिट, महिन्याला सुमारे ४० युनिट, वर्षाला ४८० च्या वर. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे वाढतात. ज्या घराचा वापर ९० युनिटांवर थांबतो, तिथे या ४० पैकी ३० युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो. फुकटातला संगणक असा महाग पडतो.

हेच काम १० वॅटमध्ये होते. तेव्हा महिन्याला साधारण ७ युनिटच लागतात.

मग घ्यावे काय? राउटरला फार वेगवान प्रोसेसर लागत नाही. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ बोर्ड केवळ १ गिगाहर्ट्झचा होता, ६ ते १० वॅटवर चालायचा, आणि हौशी मंडळींनी तो वर्षानुवर्षे वापरला. आता त्याचे उत्पादन बंद झाले आहे. त्याच्या जागी इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे, पंखा नसलेले छोटे डबे मिळतात. हा प्रोसेसर २०२३ मध्ये आला. त्याला चार कोअर आहेत आणि त्याची ठरलेली मर्यादा ६ वॅट आहे. अख्खा डबा साधारण १० वॅटच्या आसपास राहतो. ४ जीबी रॅम आणि ३२ जीबीची एसएसडी घरासाठी पुरते. पंखा नसला की धूळ आत ओढली जात नाही, आवाजही नाही.

लॅनचे पोर्ट दोन हवेतच. एक बाहेरच्या जोडणीला, एक घराला. ते इंटेलचे असतील तर ओपीएनसेन्सवर कटकट कमी. रास्पबेरी पाय ४ वीज कमी खातो, पण त्याला लॅनचा एकच पोर्ट आहे. दुसरा यूएसबीतून जोडावा लागतो, आणि ओपीएनसेन्सऐवजी ओपनवर्ट वापरावे लागते. जुना लॅपटॉपही चालेल, मात्र सतत चार्जिंगवर राहून बॅटरी फुगते, तिकडे लक्ष हवे. वाय-फायसाठी वेगळा खर्च नको. आधीचा राउटर त्याच कामाला ठेवावा.

आता अब्बांच्या कॉलचे. कोकणात पावसाळ्यात वीज जाते-येते. म्हणून १२ व्होल्टवर चालणारा डबा घ्यावा, म्हणजे छोटा डीसी यूपीएस लावता येतो. त्याचे अँपिअर डब्याच्या अडॅप्टरइतके तरी असावेत. फायबरची तार ज्या डब्यात येते त्यालाही बॅकअप हवा. नाहीतर राउटर जागा आणि लाइन झोपलेली. शिवाय बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू' ही सोय असल्याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. ती नसेल, तर मुलगा हॉस्टेलवर असताना बटण दाबायला दादींना उठावे लागेल.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. रात्री इंटरनेट बंद करणे एवढाच हेतू असेल, तर ओपनवर्ट चालणारा साधा तयार राउटरही ते करतो, आणि स्वस्तात. मुलाला शिकायची हौस आहे, म्हणून घरचा डबा. ती हौस मोलाची आहे, तिला नाही म्हणू नका.

मात्र सुट्टी संपण्याआधी त्याच्याकडून एक परीक्षा घ्या. यूपीएस बाजूला काढून मेन स्विच बंद करायला सांगा. पाच मिनिटांनी चालू करा. कोणीही हात न लावता कुवेतचा कॉल लागला, तर मुलगा पास.