माळ ओसाड नसतो

पतंग म्हटला की दिव्यावर झडप घालून प्राण गमावणारा कीटक डोळ्यांपुढे येतो. परंतु सारेच पतंग केवळ रात्री वावरणारे नसतात. महाराष्ट्राच्या माळरानावर भर उन्हातही उडणारा एक चिमुकला पतंग आढळतो. गवतातून कोणी चालू लागले, की तो पायांजवळून भुर्रकन उठतो, थोडे अंतर उडतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. त्याच्या पांढऱ्या पंखांवर तांबडे व काळे ठिपके रांगोळीसारखे मांडलेले असतात. पसरलेल्या पंखांची रुंदी जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर. १७५८ साली लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला ‘पुल्केला’ हे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ ‘चिमुकली, सुंदर’ असा आहे.

असे उठून दिसणारे रूप घेऊन तो दिवसाढवळ्या निर्भयपणे कसा वावरतो? याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. सुकलेल्या शेंगा वाजविणारा खुळखुळा, भुरुंडी अशा रानवनस्पतींवर त्याची अळी वाढते. या वनस्पतींतील विषारी द्रव्ये अळीला बाधत नाहीत. उलट ती त्यांचा देहात साठा करते. अळीचा पतंग झाला, तरी तो साठा कायम राहतो. तांबडे ठिपके म्हणजे शत्रूला दिलेला इशाराच होय! अमेरिकेत याचा एक जातभाई आहे. टॉमस आइस्नर या शास्त्रज्ञाने त्याच्यावर प्रयोग केले, तेव्हा जाळ्यात सापडलेल्या पतंगाला कोळ्याने स्वतःच धागे तोडून मोकळे केल्याचे दिसून आले.

ज्या माळावर अशी नवलाई नांदते, त्याला लोक मात्र ‘पडीक’ म्हणतात. सरकारी कागदपत्रांतही त्याची गणना पुष्कळदा पडीक जमिनीतच होते. मग कोणी तेथे नांगर घालतो, कोणी कचरा टाकतो, तर कोणी सद्हेतूने दाट झाडी लावतो. वृक्षारोपण हे सत्कृत्यच होय. परंतु माळावर दाट सावली पडली, की उन्हावर वाढणारे गवत आणि रानझुडपे खुरटतात. खुळखुळा नाहीसा झाला, की अळीचे अन्नही जाते आणि तिची ढालही जाते.

ही अळी तागाची पाने खाते, म्हणून शेतकऱ्याला ती नकोशी वाटते, हेही खरे. त्याने आपल्या पिकाचे रक्षण अवश्य करावे. परंतु शेताचा न्याय माळाला लावणे रास्त नव्हे.

जेथे पूर्वी अरण्य होते आणि ते तोडले गेले, तेथे झाडे जरूर लावावीत. माळाला मात्र माळच राहू द्यावे. पावसाळा सरल्यावर एखाद्या सकाळी जो तेथील गवत लक्षपूर्वक न्याहाळील, त्याच्या तोंडून ‘ओसाड’ हा शब्द पुन्हा निघणार नाही.